फिक्सी स्लिप होतंय? नेमकं कुठं सुटतंय ते असं शोधा

फिक्सी, म्हणजे फ्रीव्हील नसलेली, चाक फिरलं की पेडल फिरणारच अशी सायकल, स्लिप होतंय म्हणून दुकानात नेली की पहिलं उत्तर ठरलेलं असतंय, "चैन लूज आगेदरी" (कानडीत, चैन ढिली झाल्या), आणि मग चाक जरा मागं ओढून नट आवळून देतात, दोन दिवस बरं जातंय आणि परत तेच. दुकानदाराचा दोष नाही हो त्यात, त्याच्याकडं दिवसभर येतात त्या गिअरच्या नाहीतर साध्या काळ्या सायकली, फिक्सी महिन्यात एखादी आली तर आली. म्हणून हे थोडं सविस्तर लिहितोय, घरच्या घरी दोन पाने आणि एक स्टीलची पट्टी घेऊन बघता येईल असं.

आधी एक डोक्यात घ्या. साध्या सायकलीत फ्रीव्हीलच्या आतली कुत्री, म्हणजे दात्यात अडकणारे बारके खटके, झिजली की पेडल मोकळं पळतंय, तो स्लिपचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. फिक्सीत कुत्रीच नसतात. त्यामुळं पेडलनं दगा दिला तर तीनपैकी एक गोष्ट असणार, एकतर चैन दात्यांवरनं उडी मारालीय, नाहीतर आट्यांवर चढवलेलं काहीतरी आट्यांवर फिरालंय, नाहीतर क्रँकपासनं (पेडलच्या दांड्यापासनं) हबपर्यंत (मागच्या चाकाच्या मधल्या भागापर्यंत) कुठलातरी जोड ढिला पडलाय. ह्यातलं कुठलं ते कळल्याशिवाय नवीन चैन आणू नका, कॉग (मागच्या चाकावरची दातेरी चकती) आणू नका, काहीच आणू नका.

आणि त्याच्याही आधी बघा की तुमची सायकल खरंच फिक्स आहे का! हसू नका, फ्लिप-फ्लॉप हब असेल तर एका बाजूला फ्रीव्हील आणि दुसऱ्या बाजूला फिक्स कॉग असतोय, पंक्चर काढणाऱ्यानं चाक उलटं बसवलं की संपलं. मागचं चाक उचला, पेडल उलटं फिरवा, चाक उलटं फिरलं तर फिक्स, नाही फिरलं तर तुम्ही फ्रीव्हीलवर बसलाय आणि तुमचा स्लिप म्हणजे कुत्र्यांचा स्लिप, ते फ्रीव्हील बदला आणि हा लेख इथंच सोडा.

बोटं सांभाळा, हे एकदाच सांगतो पण नीट ऐका. फिक्सीचं चाक फिरत असताना चैनीला फडकं लावून पुसायचं नाही, बोट कॉगजवळ न्यायचं नाही. साध्या सायकलीत बोट अडकलं तर चाक पुढं निघून जातंय आणि चैन थांबते, इथं चाकाचा सगळा जोर चैनीला ओढत राहतो आणि बोट दाते आणि चैनीच्या मधनं आरपार जातंय. बोटाचं पेर गेलेली माणसं आहेत जगात. फिरवून बघायचं ते पेडल हातानं धरून हळू, पुसायचं ते चाक थांबवून.

कधी सुटतंय ते आधी पकडा

पाना हातात घ्यायच्या आधी गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर मारा, सायकलीला पुढचा ब्रेक बसवलेला असला पाहिजे, ब्रेक नसलेल्या फिक्सीवर ही तपासणी करायचीच नाही. लक्ष फक्त एवढ्यावर ठेवा की पाय पुढं दाबताना सुटतंय की पाय मागं रोखताना.

पुढं दाबताना, म्हणजे चढावर किंवा रेल्वे गेट उघडल्यावर जोरात निघताना, टक्कन आवाज होऊन पाय एकदम खाली जातो आणि लगेच परत पकडतंय, तर चैन दाता चढून पुढच्या दात्यावर पडालीय. झीज, ढिली चैन किंवा चुकीच्या रुंदीची चैन.

मागं रोखताना पाय थोडा रिकामा जातो, मग ठक्कन पकडतंय, आणि परत पुढं दाबलं की तेवढाच रिकामा येऊन ठक्कन पकडतंय, तर हे कॉगचं लक्षण. कॉग आट्यांवर मागं-पुढं फिरालाय. ह्याच्यावर गाडी चालवायची नाही, ढकलत घरी आणायची.

दोन्ही बाजूंना, पण पेडल ठराविक जागी आल्यावरच खट् असं पायाला लागतंय, तर क्रँक किंवा कॉटर पिन (क्रँकला एक्सलवर धरून ठेवणारी पाचर).

आता ह्यात एक छान हिशेब आहे, आमच्यात फारसं कोण करत नाही तो. समजा पुढं ४४ दाते, मागं १८, आणि चैन साधारण १०० कड्यांची. क्रँकच्या एका फेऱ्यात ४४ कड्या पुढं सरकतात, म्हणजे चैन एक पूर्ण चक्कर मारायला क्रँकचे सव्वादोन फेरे लागतात. झटका दर सव्वादोन फेऱ्यांनी येत असेल तर चैनीतली एखादी कडी आखडल्या. दर फेऱ्याला एकदा येत असेल तर चैनव्हील (पुढची दातेरी चकती) वाकडं किंवा क्रँकचं काहीतरी. आणि एका फेऱ्यात दोन-अडीच वेळा येत असेल तर मागचा कॉग, कारण तो तेवढ्यात तितके फेरे घेतो. तुमचे दाते मोजून तुमचा हिशेब काढा, मग मेकॅनिकला "कधीतरी होतंय" असं सांगायची वेळ येत नाही.

नेलपॉलिशची रेघ

चाक काढायची गरज नाही. उजव्या बाजूला हबचा भाग, कॉग आणि लॉकरिंग (कॉगच्या बाहेरनं आवळलेली रिंग) ह्या तिन्हीवरनं आडवी जाईल अशी एक बारीक रेघ मारा, नेलपॉलिश सगळ्यात चांगलं, मार्करची रेघ तेलात पुसून जाते. त्या आधी तिथलं ग्रीस फडक्यानं साफ करा. तशीच एक रेघ क्रँक आणि त्याच्या एक्सलच्या टोकावर, दोन्ही बाजूंना. वाळली की परत गल्लीत जा, पुढं दोनचार वेळा जोर द्या, मग हळू वेगात पाय रोखा. घरी येऊन बघा. कुठली रेघ तुटली तिथं मर्ज आहे, एवढं साधं आहे हे.

रेघा जागेवर असतील आणि तरी पाय रिकामा जात असेल तर दुसरी तपासणी. जुन्या ट्यूबची पट्टी कापून मागची रिम फ्रेमला घट्ट बांधा, चाक अजिबात हलता कामा नये. आता क्रँक हातानं पुढं-मागं करा. थोडी हालचाल प्रत्येक फिक्सीत असतेच, चैनीचा झोल असतोय तो. बघायचं असं की पुढं ढकललं की वरची चैन ताणली जाते, मागं ढकललं की खालची. खालची चैन ताणून सरळ झाली आणि त्याच्यानंतरही क्रँक मागं येतोय, तर आता नजर फिरवत जा, क्रँक हलतोय आणि एक्सल नाही? चैनव्हील हलतंय आणि क्रँक नाही? कॉग हलतोय आणि हब नाही? दोघंजण असाल तर एकानं ढकलायचं, एकानं बोट लावून बघायचं, चाक बांधलेलं आहे म्हणून इथं बोट चालतंय.

चैन आणि दाते

चैनीची झीज मोजायला शाळेतली स्टीलची पट्टी पुरते, इंचाची बाजू वापरा. एका पिनच्या मध्यापासनं बारा इंच, तिथं नव्या चैनीत बरोबर पिनचा मध्य येतो. पिन १/१६ इंच पुढं गेलेली असेल तर चैन अर्धा टक्का लांबल्या, लक्ष ठेवा. १/८ इंच पुढं गेली असेल तर चैन गेली, फेकून द्या, आणि कॉगही बघा, कारण लांबलेली चैन दात्यांना आपल्यासारखं करून घेते. मिलिमीटरमध्ये हवं असेल तर नव्या चैनीत ३०४.८, आणि ३०७.८ च्या आसपास आली की संपली. नवी चैन जुन्या झिजलेल्या कॉगवर घातली की उलट जास्त उड्या मारते, म्हणून "चैन कालच बदलली तरी स्लिप होतंय" ही तक्रार येते. दात्यांचा आकार बघा, दोन्ही बाजू सारख्या असाव्यात, एका बाजूला कलून माशाच्या पंखासारखा दिसला की दाता गेला. फिक्सीत दाते दोन्ही बाजूंनी झिजतात, पायानं रोखणाऱ्याचे जास्त.

रुंदीचा घोळ आपल्याकडं फार होतो. काळ्या सायकलीची चैन १/२ × १/८ ची, गिअरच्या सायकलीची १/२ × ३/३२ ची किंवा त्याहून अरुंद. १/८ च्या कॉगवर अरुंद चैन घातली तर ती दात्याच्या बुडापर्यंत बसतच नाही, वर तरंगते, हातानं फिरवताना ठीक वाटतंय आणि जोर दिला की सुटते. उलटं, रुंद चैन अरुंद कॉगवर चालते, जरा आवाज करते एवढंच. दुकानात "सायकलची चैन द्या" म्हणू नका, मागचा कॉग घेऊन जा आणि बसवून बघा.

आखडलेली कडी शोधायला पेडल उलटं हळू फिरवत कॉगवरनं उतरणाऱ्या चैनीकडं बघा, एखादी कडी सरळ न होता कुबड काढून जाते. तेल घालून आडवी दोन-चारदा वाकवली की मोकळी होते बऱ्याचदा. पावसाळ्यात आमच्या बेळगावजवळ खानापूर-जांबोटीकडं फिरणाऱ्यांच्या चैनी आखडतात त्या तांबड्या मातीनं, वाळली की घट्ट बसते. डिझेलमध्ये ब्रशनं धुवा, वाळवा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब तेल आणि वरचं पुसून टाका. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतंय म्हणून घालू नका, त्यात आधीच धातूची कीस असते.

ताण किती? चैनीच्या मधोमध बोट ठेवून वर-खाली मिळून अर्धा इंच. पण चैनव्हील शंभर टक्के गोल कधीच नसतंय, म्हणून आधी क्रँक फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथं अर्धा इंच ठेवा, ढिल्या जागी ठेवलात तर घट्ट जागी बेअरिंग ओरडतील.

चाक सरकतंय का ते पण ह्याच वेळी बघा. चैन उजवीकडं असल्यामुळं ओढ उजव्या टोकाला लागते, ते टोक पुढं सरकतंय आणि टायर डावीकडच्या फ्रेमला घासायला लागतोय. टायर डावीकडं कललेला दिसला म्हणजे नट आवळलेला नव्हता, किंवा वॉशरचे दाते गेलेत, किंवा फ्रेमच्या खाचेत जाड पेंट आहे आणि त्याच्यावर नट घसरतोय. पेंट खरवडा, दातेरी वॉशर घाला, १५ च्या पान्यानं एकदा डावा एकदा उजवा असं थोडं थोडं आवळत जा. चैन अ‍ॅडजस्टर घातला तर प्रश्नच मिटतोय.

कॉग आणि लॉकरिंग, इथं खरी गोम

खऱ्या फिक्स हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्या मोठ्या पायरीवर कॉग, १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे, नेहमीसारखे उजवे. बाहेरच्या लहान पायरीवर लॉकरिंग, १.२९ इंच, २४ आटे, पण डावे. काही इटालियन हबचं माप वेगळं असतंय, म्हणून लॉकरिंग नवीन घेताना जुनी हातात ठेवा.

डावे का? पुढं पेडल मारलं की कॉग आपोआप घट्ट होत जातो. मागं रोखलं की कॉग सुटायला बघतो, म्हणजे उलटा फिरायला बघतो, आणि फिरता फिरता लॉकरिंगला पण आपल्याबरोबर उलटं ओढतो. डाव्या आट्यांना उलटं फिरणं म्हणजे आवळणं. म्हणजे कॉग जितका सुटायला बघणार तितकी लॉकरिंग त्याला दाबणार. पण ह्याला अट एकच, दोघं एकमेकाला चिकटून असले पाहिजेत. मधे केसाएवढी फट राहिली तरी कॉग तेवढा मागं-पुढं हलतो, आणि हबचं अ‍ॅल्युमिनियम मऊ, कॉग स्टीलचा, प्रत्येक ठोक्याला आटे थोडे थोडे खरवडले जातात.

बसवायची रीत अशी. लॉकरिंग हूक पान्यानं सोडा, सोडायला घड्याळाच्या दिशेनं, हे विसरून लोक उलटा जोर लावतात आणि अजून घट्ट करतात. मग कॉग चैन-पान्यानं काढा. चैन-पाना विकत मिळाला नाही तर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं हातभर लोखंडी पट्टीला भोकं पाडून जुनी चैन पिननं जोडून घ्या, पंधरा मिनिटांचं काम. आटे ब्रशनं स्वच्छ करा आणि बोट फिरवून बघा. करडी पूड, चमकणाऱ्या किसाच्या तारा निघाल्या, कॉग हातानं चढवताना तिरका जातोय, लॉकरिंग आवळत जाईल तशी आवळतच नाही, नुसती फिरते, तर आटे मेलेत. त्याला लॉकटाइट (आटे चिकटवायचा गोंद) नाही, टेफलॉन टेप नाही, काही नाही, हब बदलायचं. लेथवाला "करून देतो की" म्हणेल, आपल्या उद्यमबागेतली माणसं काय वाट्टेल ते करून देतात हे खरं आहे, पण त्या बारीक आट्यांखाली अ‍ॅल्युमिनियमच इतकं थोडं उरलेलं असतंय की नवे आटे पाडले तरी जोर कशावर येणार.

आटे बरे असतील तर थोडं ग्रीस लावा, कॉग हातानं शेवटपर्यंत चढवा, मग चैन-पान्यानं पूर्ण अंग टाकून आवळा. लॉकरिंग घाला, घड्याळाच्या उलट दिशेनं आवळा. आता महत्त्वाचं, आणि नव्वद टक्के घोळ इथंच होतो असं माझं मत आहे. बाहेर जाऊन एखाद्या चढावर उभं राहून जोरात पेडल मारा, पण पाय अजिबात रोखू नका, थांबायचं ते ब्रेकनं. ह्यात कॉग अजून थोडा आत जाऊन बसतो आणि लॉकरिंगपासनं लांब होतो. लगेच परत येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा, ती थोडी फिरेलच बघा. ती फिरायची थांबेपर्यंत हे करायचं, मग नवी नेलपॉलिशची रेघ.

वेल्ड केलेलं फ्रीव्हील

आता बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं फिरणाऱ्या निम्म्या फिक्स्या अशाच असतात म्हणून हे वेगळं लिहितोय. जुनी सायकल घ्यायची, फ्रीव्हीलची आतली आणि बाहेरची रिंग वेल्ड करून एक करायची, झाली फिक्सी. पुढं पेडल मारताना ती वर्षानुवर्षं चालते. पण फ्रीव्हील ज्या आट्यांवर चढतं ते तेच १.३७ चे उजवे आटे आणि वर लॉकरिंगची पायरीच नाही. पाय रोखला की अख्खं फ्रीव्हील हबवरनं सुटायला लागतंय. लक्षण तेच, मागं रोखताना रिकामं, पुढं दाबताना परत घट्ट. म्हणजे वेल्डिंग तुटलेलं नसतंय, वेल्डरशी जाऊन भांडू नका.

काहीजण बाहेरनं बीबीची (क्रँकच्या एक्सलच्या बेअरिंगची) लॉकरिंग चढवतात, तिचे आटे जुळतात, पण ते उजवेच, म्हणजे फ्रीव्हीलबरोबर ती पण सुटणार. काहीजण फ्रीव्हील सरळ हबलाच वेल्ड करतात. हब स्टीलचं असेल तर धरतंय, मान्य, पण उष्णतेनं छर्‍यांच्या कपाचा कडकपणा जातो, चाकाला डुगडुग येते, आणि दाते झिजले की हबसकट भंगारात. असली सायकल ठेवायची असेल तर पुढचा मागचा दोन्ही ब्रेक चालू ठेवा आणि पाय रोखून थांबायची सवय लावूच नका.

क्रँक, कॉटर आणि बाकीचं

काळ्या सायकलीवरनं बनवलेल्या फिक्सीत कॉटर पिनचा त्रास जास्त, कारण साध्या सायकलीत कॉटरवर जोर एकाच बाजूनं येतो आणि फिक्सीत दोन्ही बाजूंनी, हलवून हलवून ती पाचर ढिली होते. दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत आहेत का बघा, एक जरा पुढं आलेला दिसला की कॉटर खाल्लेली आहे. नवी घेताना जुनी घेऊन जा, ९ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन्ही मिळतात आणि दुकानात एकाच डब्यात पडलेल्या असतात. ठोकताना क्रँकखाली जड लोखंड टेकवा, नाहीतर हातोड्याचा मार बीबीच्या छर्‍यांवर जातो. नटानं ओढून कॉटर बसवायची नाही, ठोकून बसवायची, मग नट. थोडं चालवून परत ठोका.

चौकोनी एक्सलच्या क्रँकला बोल्ट आवळायचा, बहुतेक १४ चा सॉकेट किंवा ८ ची एलन की. ढिल्या क्रँकवर बरंच अंतर गेलेलं असेल तर क्रँकचं चौकोनी भोक मोठं झालेलं असतंय, मग कितीही आवळा, आठ दिवसांत परत ढिला. क्रँक बदला. चैनव्हीलचे बोल्ट ५ च्या एलननं बघून घ्या, पेडल पण, डावं पेडल डाव्या आट्यांचं हे लक्षात ठेवून.

सगळं झाल्यावर पहिली चाचणी सकाळी लवकर व्हॅक्सिन डेपोकडं नाहीतर कुठल्यातरी मोकळ्या सपाट रस्त्यावर. चोर्ला घाटात नको! ४६ × १६ च्या गिअरवर (पुढं ४६ दाते, मागं १६) ताशी ४० चा वेग आला की पाय मिनिटाला ११० च्या आसपास फेरे मारतात, तिथं कॉग सुटला तर पायानं काहीच करता येत नाही. आठवडाभर चालवल्यावर रेघा परत बघा, चैनीचा ताण परत बघा.

आणि शेवटी हब बदलायचीच वेळ आली तर मागवायच्या आधी दोन मापं घ्या. मागच्या फ्रेमच्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर, कारण ट्रॅक हब साधारण १२० मिलिमीटरचं येतंय आणि गिअरच्या जुन्या फ्रेम १२६ किंवा १३० च्या असतात, वॉशर घालून भरता येतंय पण आधी माहीत पाहिजे. दुसरं म्हणजे स्पोकची भोकं मोजा. काळ्या सायकलीच्या मागच्या रिमला ४० भोकं आणि पुढच्याला ३२, आणि बाजारातलं फिक्स हब ३२ किंवा ३६ चं. ४० च्या रिमला ते बसणार नाही, पण ३२ चं हब घेऊन त्याच मापाची पुढची रिम मागं वापरली तर काम होतंय, फक्त स्पोकची लांबी बदलेल, ती चाक विणणाऱ्यालाच हब हातात देऊन काढायला सांगा.